इंदूने न पाहिलेलं मरण

कर्जत तालुक्यातल्या त्या गावात मरावं तर सहादेवनेच, असं सगळ्यांचं एकमत होतं. शेती त्याची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. पण जत्रेच्या नाटकात तो विष पिऊन पडला की भलेभले गडी नाक ओढायचे. नाटक आजोबांच्या काळातलं. पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे ते लिहिलं कुणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटलाचा मुलगा, नावाड्याची मुलगी, दोन्ही घरांचा विरोध आणि शेवटी दोघांनाही विष. नावाड्याची मुलगी गावातलाच वाल्मिक व्हायचा आणि मिशी काढायची म्हणून दरवर्षी कुरकुरायचा. लोकांनी 'वन्स मोर' दिला की सहादेव उठायचा, हात जोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. एका वर्षी तो इतक्यांदा मेला की शेजारी मरून पडलेल्या वाल्मिकला खरीखुरी झोप लागली.

हे सगळं पाहिलं नव्हतं ते एकट्या इंदूने, म्हणजे त्याच्या बायकोने. नवऱ्याला मरताना बघायचं, तेही कपाळाला कुंकू लावून, हे तिला मुळीच पटत नव्हतं. जत्रेला आलेल्या पाहुण्यांना जेवू घालून ती दार लावून घ्यायची. गावाने डोक्यावर घेतलेला सहादेव घरात मात्र वेळेवर विहिरीवरची मोटार चालू न करणारा माणूस एवढाच राहिला. याची त्याला फार खंत होती. साठी उलटली, गुडघे गेले, नाटकही बंद पडलं, पण खंत काही गेली नाही.

अशात धवल उगवला. पतसंस्थेचे चेअरमन नारायणराव यांचे हे चिरंजीव. पुण्यात तीन कोर्स अर्धवट सोडून आता त्यांनी सिनेमा करायचं मनावर घेतलं होतं. पैसे वडिलांचे, बाकी सगळं धवलचं; नायकही तोच. त्याला हेच नाटक पडद्यावर आणायचं होतं, कारण त्याच्या मते या मातीत दुःख होतं. मातीत कांदा आहे एवढंच सहादेवला माहीत होतं. धवलने त्याला मरण शिकवायला ठेवून घेतलं. विष पिण्याआधी धवल न चुकता केसांवरून हात फिरवायचा आणि पडताना बरी बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायचा.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले. धवलला तिकीट मिळायची चिन्हं होती. नारायणरावांनी मुलाला बोलावून बजावलं की उमेदवाराने मरणं बरं दिसत नाही, विरोधक तोच फोटो श्रद्धांजलीसकट मोबाईलवर फिरवतील. तेव्हा नायक जगला पाहिजे, त्याचं लग्न झालं पाहिजे आणि त्या लग्नात गटातले सगळे मतदार जेवताना दिसले पाहिजेत. धवलने कलेखातर चहा येईपर्यंत विरोध केला. शोकांतिकेत कुणीतरी मरायला तर हवंच, म्हणून नायकाचा बाप मारायचं ठरलं आणि बाप म्हणून सहादेवला घेतलं.

सहादेव हवेतच घरी आला. पडद्यावरचं मरण हे मरणच नसतं, मी तुझ्या शेजारी जिता-जागता बसलेला असेन, असं त्याने इंदूला परोपरीने समजावलं. दोन दिवस विचार करून ती हो म्हणाली. शूटिंगला सहादेव जीव ओतून मेला. पुन्हा घ्यायचं म्हटलं की त्याला हुरूपच यायचा.

कर्जतच्या मंगल कार्यालयात दुपारी सिनेमा लागला. इंदू ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. धवल अंगणात नाचला, उसात नाचला, ट्रॅक्टरवर चढून नाचला. बापाच्या मरणाची वेळ आली तेव्हा इंदूने सहादेवचा हात घट्ट धरला. पडद्यावर धवल घरात शिरला, भिंतीकडे बघून म्हणाला, "बाबा, आज तुम्ही हवे होता." भिंतीवर सहादेवचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार. लगेच गाणं सुरू झालं.

सहादेवला मान वर करवेना. इंदू मात्र उठली आणि तडक पहिल्या रांगेत धवलपुढे जाऊन उभी राहिली. लांबी फार होत होती काकू, म्हणून तेवढं कापलं, असं तो सांगू लागला.

"हार घालायची घाई झाली व्हय तुला?" ती म्हणाली. "मानसाला आधी मरू तरी द्यायचं हुतं."

घरी आल्यावर इंदूने दाराला कडी घातली, भिंतीला टेकून बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता मरा. मी बघती."

सहादेव आधी लाजला. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला, विष म्हणून तोंडाला लावला आणि नावाड्याच्या मुलीला हाक मारली. गुडघे कुरकुरले, तरी तो झोकांड्या खात खांबापर्यंत गेला, निरोपाचं सगळं भाषण म्हणाला आणि घसरत खाली येऊन पडला. त्याने श्वास रोखून धरला. मग इंदू सरकत जवळ आली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"लई चांगलं मरता तुमी," ती म्हणाली. "आता उठा."

पण सहादेवला उठता येईना. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. इतकी वर्षं मरून, मेल्यावर रडायची चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.