माणसावर क्लिक

"ही बघा आपली व्हिलेजर. क्लिक केलं की कामाला लागते," असं म्हणत सरांनी पेनाचं टोक माझ्या खांद्यावर टेकवलं. टिक. अख्खी कॉम्प्युटर लॅब खदखदून हसली.

नवीन पनवेलच्या कॉलेजात मी बारावीला होते. राज्य वसवायचा एक गेम तेव्हा सायबर कॅफेत सगळी पोरं खेळायची. सरांनी त्याच गेमवर अर्थशास्त्र शिकवायला घेतलं. पडद्यावरच्या मजुराला म्हणायचं व्हिलेजर. त्याच्यावर क्लिक करायचं, तो लाकूड तोडतो, शेत कसतो. बोलत नाही. मी नेरे गावापुढच्या कातकरी आदिवासींच्या वाडीतली. मला माउस कुणी दिलाच नाही. सर म्हणाले, "तुला कशाला? तू तर गेमच्या आतलीच आहेस."

वा रे सर! काय विनोद!

पुढं शिकवताना म्हणाले, "एक व्हिलेजर मेला तर रडत बसू नका. दुसरा बनवा. खर्च काय? थोडं धान्य." पोरांनी उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. माझा धाकटा भाऊ वीटभट्टीवर तापानं गेला, तेव्हा मालकानं आईला दुपारीच पुन्हा विटा थापायला बसवलं होतं. ते आठवून अंगाची नुसती आग आग झाली. तरी गप्प बसले. प्रोजेक्टचे मार्क सरांच्या हातात होते, आणि बारावी हुकली की मलाही भट्टीवरच जायचं होतं.

मग सगळीच मला टिक करायला लागली. कँटीनमध्ये, जिन्यात. टिक, पाणी आण. टिक, बॅग धर. मी आणायचे, धरायचे. घरी येऊन खांदा घासघासून धुवायचे. जीव नकोसा झाला होता.

एक दिवस सरांनीच पुन्हा पेन टेकवलं. "टिक. खडू आण."

पाय उचलेचनात. कॉलेजात मी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी वाडीचीच भाषा तोंडात आली. "मी उठनार नाय. मी मानूस हाय, सर."

"मग प्रोजेक्टचे मार्क विसर."

"इसारले."

माझ्या बाजूनं एकानंही तोंड उघडलं नाही. सरांनी वर्गाबाहेर काढलं आणि प्रोजेक्टला शून्य दिलं.

दिवाळी झाली. हंगामाच्या कामाला माणसं न्यायला भट्टीचा ट्रक वाडीत आला. आई म्हणाली, "चल गं बाय. त्या कॉलेजवाल्यांत आपला निभाव लागनार नाय."

"मी नाय येनार."

"मग खाशील काय?"

"ठाव नाय."

खरंच ठाऊक नव्हतं. आईला घेऊन ट्रक गेला. रिकाम्या झोपडीत मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि पुस्तक उघडलं. आता नुसत्या लेखी पेपरावर पास व्हायचं होतं. तिथंच ठरवलं. नापास झाले तर पुन्हा बसेन, आणि अर्थशास्त्रालाच बसेन. हा विषय मी सरांसारख्यांच्याच ताब्यात राहू देणार नाही.