झबल्याखालची पिल्लं

पयलंच सांगते, मी असलं काई मानत नव्हते. आमच्या घरातच कुनी मानत न्हाई. आमच्यात नवस न्हाई, अंगारा न्हाई, अंगात येनं न्हाई. भिंतीवर बुद्धाचा फोटू आन संध्याकाळी वंदना, इतकंच. माझे वडील नांदेडला मिस्त्रीकाम करतेत, कुनी भुताचं सांगाय लागलं की ते म्हनायचे, "आनून दाखव, विटा उचलाय लावतो त्याला." अशा घरातली मी. तरीबी हे माझ्यासंगं झालं... आन पुरतं मी आजवर कुनाला सांगितलं न्हाई. नणंद माझी तुमच्या ग्रुपवरचे अनुभव वाचती, ती म्हनली वहिनी तुमी सांगाच. सातवी शिकले मी, मोबाईलमदी बोलून लिहून राहिले, चुकलं तर समजून घ्या.

लातूरला रेल्वेनं पानी आलं ना, त्या उन्हाळ्यातलं हाय हे. आमी रिंग रोडच्या पल्याड एका खोलीत भाड्यानं राहायचो. वर पत्रे, एकच दार, खिडकी न्हाईच. आमचे हे टँकरवर डायवर, त्यामुळं घरी कमीच. सकाळी गेले की गावोगाव पानी टाकत फिरायचे, आन आपल्याच घरात पानी न्हाई असं चाललेलं.

माझं पयलं बाळंतपन माहेरी नांदेडला झालं. सिद्धू सातव्या म्हैन्यातच झाला. काचेच्या पेटीत ठेवला व्हता. हाताच्या पंजाएवढं त्वांड, कातडी अशी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. घरी सोडताना नर्सबाई म्हनल्या, "ह्याला उघडं करून तुझ्या उघड्या छातीवर धरून बस, दिवसभर धर, तुझी ऊब हेच औषद." मी हाव म्हनले. पन मला धरवत नव्हतं. भ्या वाटायचं की मी हात लावला आन काई झालं तर... मंग नुस्तं भ्याबी वाटना झालं. काईच वाटना. सव्वा म्हैन्यानं लातूरला आले तरी तसंच. लेकरू झोळीत, मी भिताडाला टेकून. ते रडायचं न्हाई, दूध ओढायचं न्हाई, वाटीत काढून चमच्यानं पाजायचं, अर्धं गालावरून खाली. हिथल्या डॉक्टरनं वजन बघितलं आन म्हनले, "असंच घटत राहिलं तर परत पेटीत ठेवावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही." हे बाहेर येऊन रडले. मी न्हाई. मी दवाखान्याच्या फरशीकडं बघत व्हते.

त्याच आठवड्यात हे एक पिंजरा घेऊन आले. टँकरमालक, शेठ म्हनतेत त्यांना, त्यांचं घर पान्यापायी पुन्याला चाललं व्हतं, आन त्यांच्या पोरीचा उंदीर व्हता, त्यो आमच्याकडं दिला सांभाळाय.

मी म्हनले, "उंदीर?"

"उंदीर न्हाई, हॅमस्टर म्हनतेत. लाडू नाव हाय तिचं."

"घरात लेकरू असं पडलंय आन तुमी उंदीर आनला?"

"शेठला न्हाई कसं म्हनू गं? पावसाळ्यात नेतेत ते."

संध्याकाळी त्या पोरीचा फोन आला. "काकू, लाडूच्या पोटात बाळं आहेत. पिल्लं झाली की अजिबात हात लावायचा नाही हां. माणसाचा वास लागला ना, की ती स्वतःच्याच पिल्लांना खाऊन टाकते."

हे मी ऐकलं. वास लागला की खाती. मी झोळीकडं बघितलं.

आता लाडूचं सांगते. बदामी रंगाची, मुठीत मावंल एवढी, गाल फुगवून त्यात बाजरी भरून ठेवायची. पिंजऱ्याची कडी मोडलेली, मनून ह्यांनी दाराला तार बांधली. पिंजरा एका कोपऱ्यात ट्रंकंवर, झोळी दुसऱ्या कोपऱ्यात पत्र्याच्या अँगलला दोरीनं टांगलेली. मधी मोकळी फरशी. मी दिवसभर लाडूकडं बघत बसायचे. तिला काकडीचा तुकडा, सूर्यफुलाच्या बिया, जुन्या साडीच्या चिंध्या. पत्रे तापायचे मनून पिंजऱ्यावर वल्लं फडकं टाकायचे. हे म्हनायचे, "मान्साला प्याया पानी न्हाई आन उंदराला कूलर." त्या चिंध्या ती तोंडानं वडून वडून घरटं करायची, आन मी बघत बसायचे... तिच्याकडं बघताना डोकं जरा शांत राहायचं. लेकराकडं बघताना न्हाई.

शेजारी शेवंतामावशी राहायच्या. देवणीकडच्या, तोंड लई चालू, पन मान्सं जपनाऱ्या. त्या रोज डोकावायच्या. "काय गं, उंदरीला डिंकाचे लाडू केले का न्हाई? शेक-शेगडी?" आन हसायच्या. मंग एक दिवस लाडूचं पोट बघून हसल्या न्हाईत. म्हनल्या, "हे दे बाई कुनाला तरी. एका छपराखाली दोन बाळंतिनी आसू नयेत. आमच्याकडं तर जावा-जावा आसल्या तरी एकीला दुसऱ्या घरी नेऊन ठेवतेत. दोघीतल्या एकीचंच राहतं."

"मावशी, आमच्यात असलं मानत न्हाईत," मी म्हनले.

"तुमच्यात मानत न्हाईत, ते तिला कुटं ठावं हाय?"

मंग पिल्लं झाली. सकाळी बघते तर चिंध्यात लालभडक, शेंगदान्याएवढी, डोळे मिटलेली, नुस्ती वळवळ. सहा का सात, नीट मोजता आली न्हाईत. मला पेटीतला सिद्धूच दिसला. तशीच कातडी, आतलं सगळं दिसनारी. लाडू त्यांच्यावर पसरून पडली व्हती, डोळे अर्धे मिटून, आन ती पीत व्हती. कुनी शिकवलं न्हाई, आन पीत व्हती.

दोन-तीन दिवस गेले. मावशी आल्या, वाकून बघितलं, आन पटकन बोलून गेल्या, "आगं बया, कशी गुटगुटीत पिऊन राहिलीत! न्हाई तर तुझं बघ." त्यांनी लगेच जीभ चावली, पन बोलल्या ते बोलल्याच. त्या गेल्या, मी सिद्धूला रोजच्यासारखी काजळाची तीट लावली. तीट आमच्यातबी लावतेत, माझी आईबी लावायची, त्यात मानायचं काय न मानायचं काय. आन तीच काजळाची करंगळी घेऊन... मला खरंच कळलं न्हाई मी काय करून राहिले. तार सोडली, हात आत घातला, आन एकेका पिल्लाच्या पाठीवर इवलीशी तीट लावली. मावशीची नजर लागली असंल मनून. लाडू बाजूला बाजरी खात व्हती.

हात बाहेर काढला आन आठवलं. वास.

मी पक्कड आनली आन तार अशी पिळली की हातानं सुटूच नये. कामून पिळली? तीच तर आत व्हती, पिल्लंबी आत. मला वाटलं, तिनं खाल्लं तर खाऊ दे, पन बाहेर यायला नको. झोळीकडं यायला नको. एवढंच डोक्यात. मंग मी बघत बसले. लाडू आली, एकाला हुंगलं, दुसऱ्याला हुंगलं, तोंड वर करून माझ्याकडं बघितलं, आन थांबली. हलना. मी फोन हातात घेतला त्या पोरीला लावाय, पन काय सांगनार? ठेवून दिला. लई वेळानं ती पिल्लांवर पसरली, आन पिल्लं प्याय लागली.

तवाच बाहेर वरडा झाला, टँकर आला, टँकर आला. मावशी दारात, "आगं बसलीस काय, ऊठ, आज सोडलं तर चार दिवस न्हाई!" मी म्हनले लेकरू... त्या म्हनल्या झोपलंय, दोन घागरी घेऊन लगेच यिऊ. आन त्यांनी पिंजऱ्याकडं बघितलं, म्हनल्या, "पी बाबांनो, तुमचं बरंय." म्हंजे त्यांनीबी बघितलं, मी एकटीनं न्हाई. पिल्लं तिच्याखाली व्हती, पीत व्हती. मी सिद्धूला बघितलं, झोपलेला, कपाळावर तीट. दार लावलं, बाहेरून कडी घातली आन गेले.

टँकरपाशी ही गर्दी. पाईप एकाच्या हातात, घागरीवर घागरी. कुनी तरी म्हनत व्हतं, उदगीर नवा जिल्हा होनार म्हनं. मावशी म्हनल्या, "हू द्या की, आमची देवणी बी जाईल त्यात. नव्या जिल्ह्यात पानी नवं येतंय का तेवढं इचारा." बाया हसल्या. मी हसले न्हाई. माझी घागर पाईपाखाली लागली, अर्धी भरली, आन त्या सगळ्या वरड्यात मला... छातीवर हुळहुळलं. पदराखाली, उघड्या कातडीवर, बारीक बारीक काई तरी वळवळावं तसं, आन लई गरम. मी हात घातला. काई न्हाई. पन दुधानं पोलकं भिजलेलं. माझं दूध कवाच असं आपसूक आलं नव्हतं.

मी घागर टाकून पळाले. मावशी मागनं शिव्या देत, "आगं पानी! सटवे, पानी!" दोन्ही घागरी घेऊन त्या मागं आल्या.

दाराची कडी तशीच. आत गेले. पिंजरा तसाच, तार पिळलेली तशीच. लाडू एकटी पिंजऱ्याच्या जाळीला टेकून बसलेली, आन घरटं रिकामं. चिंध्या नुस्त्या. मला वाटलं, खाल्ली. सगळी खाल्ली. आन खरं सांगते, मला काईच वाटलं न्हाई. मनात एवढंच आलं, चला, एकीचं गेलं. मंग माझं राहिलं का?

झोळीपाशी गेले, झोळीची साडी बाजूला केली.

सिद्धू जागा. डोळे उघडे, पत्र्याकडं. झबलं पोटापासून वर उचललेलं, आन छातीवर काई तरी हलत व्हतं. झबलं वर केलं... सगळी पिल्लं तिथं व्हती. त्याच्या उघड्या छातीवर, एकाला एक चिकटून, जितकी व्हती तितकी, जिती. प्रत्येकाच्या पाठीवर माझी तीट जशीच्या तशी. आन सिद्धूच्या कपाळावरची तीट न्हाई. पुसलेली न्हाई, चाटलेली. कपाळ वल्लं व्हतं.

मी वरडले. माझं वरडनं ऐकून त्यो रडला. पयल्यांदा असा, छाती भरून, मावशी घागर घेऊन दारातच थांबल्या इतक्या जोरात. मी त्याला उचललं, पिल्लं बिल्लं सगळ्यासकट, पोलकं सोडलं आन छातीला लावलं. कवा लावलं, कसं लावलं ध्यानात न्हाई. त्यो वढाय लागला. दुखाय लागलं इतकं वढाय लागला. मधी ती पिल्लं, त्याच्या छातीच्या आन माझ्या मधी, वळवळ वळवळ. टँकरपाशी झालं व्हतं ना मला, अगदी तेच.

मावशीनं घागरी खाली ठेवल्या.  मंग त्यांनी पक्कड घेऊन तार सोडली, दोन्ही हातांनी जोर लावून, आन चमच्यानं एकेक पिल्लू उचलून आत ठेवलं. सिद्धूचं अंग सगळं बघितलं, कुटं दात न्हाई, ओरखडा न्हाई. मंग म्हनल्या, "हिचं त्वांड बघ गं."

लाडूच्या मिशा आन हनुवटी काळी झालेली. काजळानं.

हे आल्यावर त्यांना सांगितलं, काजळाचं सोडून. ते म्हनले, "तूच ठेवली आसशील गं त्याच्या अंगावर. तुला त्या दिवसांत सुद कुटं व्हती?"  सुद नव्हती हे खरं हाय. मी कैक येळा इचार केला, मीच ठेवली का? मंग मावशीनं पिंजऱ्यात पिताना बघितली ती कोन? आन जाळी अशी बारीक की करंगळी जात न्हाई, झोळी जमिनीपासून कमरंएवढी वर, ती चढली कुटून आन परत आत जाऊन बसली कशी? पिल्लांवरचं काजळ तर जागच्या जागी व्हतं, मंग तोंडाला लागलं ते कुनाचं? ह्यांना हे इचारलंच न्हाई मी. ह्यांनी ह्यालाबी "तूच" म्हनलं आसतं तर... मी केलं आन मला आठवत न्हाई, हे जास्त भ्यायचं का मी केलंच न्हाई ते जास्त, मला ठरवता आलं न्हाई.

सिद्धू त्या दिवसापासून प्याय लागला. वजन वाढलं. डॉक्टर म्हनले छान, मी त्यांना काई सांगितलं न्हाई. लाडूचं एकबी पिल्लू गेलं न्हाई. पाऊसकाळात शेठची मान्सं परत आली, सगळी घेऊन गेली. ती पोरगी म्हनली, "काकू, एकही नाही खाल्लं तिनं? हात नव्हता ना लावला?" मी न्हाई म्हनले. मावशी त्यानंतर एकदाच म्हनल्या, "दोघींचीबी राहिली बाई." मंग तो इषय त्यांनी कवाच काढला न्हाई. आता त्याबी देवणीला गेल्या लेकाकडं.

तुमच्यात कुनी शिकलेलं असंल, जनावरांचं कळनारं असंल, तर त्यांनी सांगावं. मी हट्ट धरून बसलेली न्हाई, साधं काई कारन निघालं तर मला बरंच वाटंल.

सिद्धू आता शाळेत जातो. त्याला ह्यातलं काई म्हाईत न्हाई, त्यानं हॅमस्टर कवा बघितलाबी न्हाई. पन झोपला की उताना झोपतो, कवाच कुशीवर वळत न्हाई, आन दोन्ही हाताची वाटी करून छातीवर पालथी ठेवतो. दाबून न्हाई. खाली काई तरी हाय आन ते दबू नये, अशी. हे म्हनतेत सवय हाय लेकराची. आसंल.

मी पांघरून घालते तवा ते हात उचलून बघत न्हाई.