थूमामांचा चंद्र

आमच्या मामांना कोणत्याही मोठ्या शहराचं नाव सांगा, त्यांचा अभिप्राय एका अक्षरात यायचा. "थू!" मुंबई म्हणा, दिल्ली म्हणा, उत्तर ठरलेलं. माणूस मात्र कमालीचा टापटिपीचा. पान नाही, तंबाखू नाही. रस्त्यावर कोणी पिचकारी मारली तर स्कूटर थांबवून त्याची खरडपट्टी काढणारा. त्यांचं थुंकणं फक्त शब्दातलं होतं. तरी तेलुगू मुलखाच्या कडेवरच्या गुडीहत्नूरला, आमच्या गल्लीत, त्यांचं नाव पडायचं ते पडलंच. ज्यांचे ते मामा नव्हते, तेही त्यांना थूमामा म्हणू लागले.

एका बँकेत ते शाखा तपासायला फिरत. त्या नोकरीनं त्यांना देशातली सगळी मोठी गावं दाखवली, आणि प्रत्येक गावाला ते एकच प्रश्न विचारत आले. लॉजवर बॅग टाकली की आधी गच्ची गाठायची आणि भेटेल त्याला विचारायचं, इथं चतुर्थीचा चंद्र कुठून निघतो? मुंबईत मॅनेजरनं त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ दाखवली. "म्या इचारलं कुठून, आन् तो सांगते कधी!" हे सांगताना त्यांच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत किळस येई. दिल्लीत चंद्र निघाला, पण टपरीवरच्या चहाच्या फडक्याच्या रंगाचा. बंगळुरात सगळ्या इमारती काचेच्या. "एक चंद्र निंघाला आन् सात खिडक्याईत दिसला. कोन्त्याले हात जोडाचे, सांग?" कोलकात्याला ते जरा नरमत. तिथल्या जुन्या इमारतींच्या वळचणीला पिंपळ उगवलेले असतात, ते त्यांना आवडत. "त्याईनं इमारतीले म्हातारं तं होऊ देल्लं," म्हणत. मग आठवण झाल्यासारखं, "पन बाकी थूच."

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात का बसला, ते आमच्या गल्लीला ठाऊक होतं. मामांचं घर गल्लीतलं पहिलं दुमजली. दर संकष्टीला उपास मामीचा आणि गल्लीतल्या बायांचा, पण चंद्र बघायची नोकरी मामांची. स्वतः ते देवाधर्मात फारसे नव्हते. उपासाच्या दिवशी दुपारी कांदाभजी खात. रात्री मात्र जेवणाआधी गच्चीवर उभे. कापसाच्या जिनिंगच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्राची कड दिसली की कठड्याशी येऊन ओरडायचे, "निंघाला वो!" मग खाली पाटावर ताटं मांडली जायची. समोरची लक्ष्मक्का तेलुगूत विचारायची, "वच्चाडा, अन्ना?" आला का, दादा? मामा होकार देत, तेव्हाच ती अंगणात येऊन हात जोडी.

पावसाळ्यात खरी कसोटी लागे. ढग दाटलेले, पोटात कावळे ओरडताहेत, आणि बाया खालून विनवताहेत, "भाऊजी, म्हना ना निंघाला म्हनून, ढगामागं असंनच तो!" मामा ढिम्म. "दिसला नाई तं नाई. मी बँकेत खोटं लिहिलं नाई, आता चंद्राच्या नावानं लिहू?" मामी कंटाळून नुसतं पाणी पिऊन झोपून जाई, तरी हा मनुष्य बधायचा नाही. मला तेव्हा त्यांचा रागच यायचा.

मग मामीची किडनी गेली आणि हैदराबाद नशिबी आलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विजूच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, फ्लॅटवर राहण्यावाचून इलाज नव्हता. बाविसावा मजला. मी समोरच्याच इमारतीत राहत असल्यानं त्या जागेबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. दारात कारंजं, आणि घरात टँकरचं पाणी. बागेत प्लास्टिकचं गवत, त्यावर चालू नका अशी पाटी. लिफ्टमध्ये मोगऱ्याचा असा वास मारलेला, की मोगऱ्यावरून मन उडावं. सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या, एकमेकींच्या उरावर उभ्या. मामांचं पहिल्या दिवशीचं वाक्य मला पाठ आहे. गॅलरीत उभे राहून म्हणाले, "मी जवान होतो तवा इथं दगडावर दगड ठेवले होते देवानं. काय सुंदर दिसे! ते फोडले, आन् तिथंच हे खोके ठेवले. थू!" मुंबई-दिल्लीला ते परक्यासारखे तुच्छ लेखत. हैदराबाद ओळखीचं होतं, म्हणून त्याची किळस जास्त.

पहिली संकष्टी आली. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून बजावलं होतं. मामीनं ऐकून घेतलं आणि लग्नापासून धरलेला उपास धरलाच. तिला साखरेचाही त्रास. संध्याकाळपासून तिचे हात कापायला लागले. चंद्रोदयाची वेळ टळून गेली. फ्लॅटचं तोंड पश्चिमेला, पूर्वेला नुसत्या भिंती. मामा गच्चीकडे निघाले तर दाराला कुलूप, आणि रखवालदार म्हणतो, "अंकल, छत पे जाना मना है." मग त्या बहात्तर वर्षांच्या माणसानं खाली जाऊन सगळ्या इमारतींना वळसे घातले. मी मागे मागे. आभाळ म्हणून जे काही शिल्लक होतं ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होतं, आणि एकाही पट्टीत चंद्र नव्हता. गाड्यांच्या रांगेत उभे राहून मामा वर बघत होते आणि त्यांच्या तोंडून थूसुद्धा निघत नव्हतं.

वर आलो तेव्हा मामी भिंतीला टेकली होती, ओठ पांढरे. "जेव," मामा म्हणाले. ती म्हणाली, "दिसला?" मामा एकदा गॅलरीत डोकावून आले. मग तिला धरून गॅलरीच्या टोकाला नेलं. दोन इमारतींच्या फटीत, धुळीच्या आड, एक पिवळट गोल दिसत होता. मी तो रोज बघत असे. बांधकामावरच्या क्रेनचा दिवा. मी तोंड उघडलं, पण मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"निंघाला वो," मामा हळूच म्हणाले. मामीनं हात जोडले आणि ती जेवली.

मी वाढत असताना तिनं मला जवळ ओढलं. "लाइट होता, पोरी. सांजपासून तिथंच हाये, चिमूटभर सरकला नाई. मले का समजत नाई? पन हे किती हिंडले असतीन गं. त्याईले सांगू नको."

आठ महिन्यांनी मामी गेली. विजू नाही नाही म्हणत असताना मामा पेटी उचलून गुडीहत्नूरला परतले. महिन्याभरानं मी त्यांच्याकडे गेले, तो दिवस नेमका संकष्टीचा होता. रात्र झाली तरी मामा ओसरीवरच. टाकीमागून चंद्र चांगला हातभर वर आलेला, सगळ्या गल्लीला दिसत होता, आणि एकाही घरात ताट वाढलेलं नव्हतं.

शेजारची कांताबाई फाटकाशी आली. "भाऊजी, काऊन वर जात नाई? उपाशी हाओत आमी."

"दिसून तं राह्यला. जेवा."

"तुमी घरी असून तुमी म्हटल्याबिगर कवा जेवलो?"

मामा उठले, जिना चढले. मीही गेले. वर पोचल्यावर मात्र गल्लीकडे बघण्याऐवजी ते माझ्याकडे वळले. कठडा धरून म्हणाले, "मी काय तोंडानं सांगू? तुह्या मामीले म्या बल्ब दाखवला. तिचा उपास मोडला म्या."

मग मात्र मला राहवलं नाही. मामी जे बोलली होती ते मी शब्दाला शब्द सांगितलं.

 मामांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग चंद्राकडे पाठ करून ते गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाचे दिवे दिसतात. जन्मभर नुसतं थू म्हणत आलेले माझे मामा कठड्यावरून वाकले आणि दक्षिणेकडे तोंड करून खरोखर थुंकले.

रुमालानं तोंड स्वच्छ पुसून ते परत गल्लीच्या बाजूला आले आणि जुन्या आवाजात ओरडले, "निंघाला वो!"

खाली ताटं वाजली.