म्हणजे आधीचे कोण?

अध्यक्षांनी आत आलेल्या उमेदवाराला मुलाखत मंडळाची ओळख करून दिली. हे बॅरिस्टर. हे डॉक्टर, विलायतेत शिकलेले. मग माझ्याकडे हात केला. "आणि हे मागासवर्गीयांतर्फे."

नाव नाही. एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालो, ते नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तेही नाही. गिळलं. म्हटलं, आपण आपल्या पोरांसाठी आलोय.

गिरगावातल्या एका ट्रस्टची कचेरी. परदेशी शिक्षणासाठी एकाला शिष्यवृत्ती द्यायची होती. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा वर ऐकू येत होत्या. अध्यक्षांना संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बोलायचं होतं. "मराठी माणूस जात विसरून एक झालाय," ते म्हणाले. मला खरंच बरं वाटलं.

मग ती आली. चिंचपोकळीच्या चाळीतली. बाप विषमज्वरानं गेलेला, आई गिरणीत. तिला जंतुशास्त्र शिकायचं होतं. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, मीही आडवंतिडवं विचारलं. पोरगी कुठं अडली नाही.

बॅरिस्टरांनी अर्ज उचलला. "धर्म बौद्ध. म्हणजे आधीचे कोण?"

"आता बौद्ध."

"ते कळलं. आधीचे?"

"हा प्रश्न तिला विचारायचा नाही," मी म्हणालो. माझं कुणी ऐकलंच नाही.

ती बॅरिस्टरांकडे बघत म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर विचारताय."

ती गेल्यावर अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हुशार आहे. पण तिकडे हिच्याकडे बघून लोक महाराष्ट्र ओळखणार. घरंदाज कुणी पाहू." मग माझ्या खांद्यावर हात. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आता आमच्यातलेच."

त्या हाताचा चटका बसला. मला कशाला बसवलं होतं, ते तेव्हा कळलं. तिला नाकारायचं, आणि खाली सही माझी.

एका बड्या वकिलाचा मुलगा निवडला. साध्या प्रश्नांनाही चाचपडलेला. कागद माझ्यापुढे आला. मी तो परत सरकवला.

"सही करणार नाही."

"का?"

"ती सगळ्यांत सरस होती. तुम्ही जात विचारून तिला पाडलंत. तसं लिहा, करतो सही."

"इथलं बोलणं गुप्त असतं, लक्षात ठेवा," बॅरिस्टर म्हणाले.

मी उठलो. अर्जावरच्या पत्त्यावर थेट चिंचपोकळी गाठली. आई पाळीवरून नुकतीच आली होती, केसांत कापूस तसाच. मी कोण ते सांगितलं, निवड दुसऱ्याची झाली म्हणालो. "मास्तर, माझी लेक कशात कमी पडली?"

"कशातच नाही, बाई." आणि आत बोललेला शब्द न् शब्द दोघींना सांगितला. आई खाली बसली. पोरगी उभीच होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी रात्रंदिवस माझीच चूक शोधत बसले असते."

वकिलाचा मुलगा बोटीनं गेला. मला मंडळावरून काढलं. प्राचार्यांनी बोलावून नोकरीची आठवण करून दिली. पुढे महाराष्ट्र झाला. लालबागेत रोषणाई झाली, पेढे वाटले. ती तेव्हा परळच्या एका इस्पितळात काचेच्या नळ्या धूत होती. तिथून पुढं तिला कुणी जाऊ दिलं नाही.

आता कुणी निवड मंडळावर बोलावलं की जातो. बसायच्या आधीच सांगतो: उमेदवाराला जे विचाराल, तो गेल्यावर जे बोलाल, ते मी त्याच्या दारात जाऊन सांगणार. चालत असेल तर बसतो. पुष्कळांना चालत नाही. न चालो. बंद दाराआडचं बोलणं माझ्या पोटात राहणार नाही.