चुन्याच्या निवळीतला पिवळा रंग

माझे वडील कावीळ उतरवायचे. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. मी बोईसरजवळच्या एका शाळेत शिक्षक होतो. रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर बसायचो. रोग्याच्या तळव्यांना औषध चोळायचं आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचे. पाणी पिवळं झालं की लोक म्हणत, "उतरली!" औषध म्हणजे आंब्याच्या सालीचा रस. चुना लागला की तो कुणाच्याही हातावर पिवळाच होतो. साल आणायला मी आणि माझा एक वर्गमित्र जायचो, म्हणून वडिलांनी आम्हा दोघांनाही हे दाखवलं होतं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती. साधी कावीळ पथ्याने आणि विश्रांतीने आपोआप जाते, हेही ते सांगत. औषधाबद्दल सुपारीसुद्धा घ्यायची नाही, हा घरचा नेम.

ऐंशीच्या दशकात त्याच मित्राने बोईसरला रक्त तपासायची लॅब काढली. गणितात माझ्या पाटीवरून उत्तरं उतरवणारा. आता अंगात पांढरा कोट, आणि लोक त्याला डॉक्टर म्हणत. माझ्या ओट्यावरची गर्दी रोडावली. येत तेही त्याचा कागद घेऊन. एकाने तोंडावरच विचारलं, "गुरुजी, लिव्हरचं ते एसजीपीटी खाली आलंय. आता तुमचं औषध बंद केलं तर चालेल ना?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग नवापूरचा एक मच्छीमार बायकोला घेऊन आला. तिचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायांवर सूज.

"लॅबवाला म्हनतो, ही साधी कावील नाय. दवाखान्यातला डॉक्टर पन तेच बोलला. लिवरातून रगत भायेर जायाची वाट अडलीय म्हने. लगेच मुंबयला न्या. तुमी काय म्हनता?"

साधी नाही हे मलाही दिसत होतं. असं पोट माझ्या ओट्यावर कधी आलं नव्हतं. पण 'लॅबवाला म्हनतो' हे शब्द झोंबले. चार माणसं बघत होती.

"कागदाने कावीळ उतरते का रे?" मी म्हणालो आणि परात पुढे ओढली.

पाणी नेहमीपेक्षा पिवळं झालं. रस मी मुद्दाम जास्त चोळला होता.

ती परातीकडे बघत राहिली. "हातातनं गेली गुरुजी. पोटातनं कवा जाईल?"

"तीन रविवार ये."

दुसऱ्या रविवारी तिला उचलून आणावं लागलं. तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही. मुंबईला नेलं, पण तोवर उशीर झाला होता.

नवरा लॅबच्या दारात उभा राहून ओरडला, "तुज्या कागदाला घाबरून मेली ती! गुरुजींनी उतरवली होती!" मी समोरच्या पानाच्या टपरीपाशी होतो. खरं लिहितो, मला बरं वाटलं. परातीतलं गुपित सांगून मित्राला तिथल्या तिथे सुटता आलं असतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीत नवऱ्याने माझ्या दारात सुके बोंबील आणून ठेवले. "तुमी तरी हात लावला." नेम मोडून मी ते घेतले.

त्यानंतर परात माळ्यावर गेली. मित्र शपथ न मोडता वारला. गप्प राहण्याची ती ताकद त्याच्यात कुठून आली कोण जाणे. त्या ताकदीचाही मला हेवाच वाटत आला.

रिपोर्ट चुकला होता, असं लोक अजून म्हणतात. तो बरोबर होता. त्या बाईचा नवरा नवापुरातच आहे. हे सगळं त्याच्यासमोर बसून मला वाचून दाखवायचं आहे, रसाच्या ओळीसकट.