मिटता चाकू

धाकट्या बहिणीला, शोभाला, पर्समध्ये ठेवायला चाकू हवा होता. आरोग्य केंद्रातून घरी येताना सलग दोन दिवस एक माणूस तिच्या मागे मागे आला होता. दुकानदाराने मिटते चाकू मांडले. एक फार जड निघाला, एक उघडताना नख मोडत होतं. तिसऱ्याची मूठ तिच्या हातात नीट बसली. भाजी निवडावी तितक्या शांतपणे ती ते निवडत होती आणि तेच मला बघवत नव्हतं.

"दादा, मनगट धर माझं," मिटलेला चाकू पुढे करत ती म्हणाली. "त्या माणसाने धरावं तसं."

मी धरलं. पुढच्याच क्षणी चाकू माझ्या हातात होता. मला फारसा जोरही लावावा लागला नव्हता. माझ्या हाताला हे कुणी आणि कधी शिकवलं?

"याहून मोठा दाखवू का?" दुकानदाराने विचारलं.

"नको," शोभा म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "उद्यापासून न्यायला येशील?"

"येतो," मी म्हणालो. तिचं मनगट लाल झालं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून ती ते ओढणीखाली झाकत होती.