माझी स्विस निष्ठा

ग्लासगोत नव्या माणसाला पहिल्या दिवशी नाव विचारतात आणि दुसऱ्या दिवशी क्लब. शहरात मोठे क्लब दोन, हिरवा आणि निळा. एकाचं नाव घेतलं की अर्धं ऑफिस दुरावतं. मला फुटबॉलमधलं कळत होतं ते एवढंच, की चेंडू हाताला लागला की सगळ्यांनी ओरडायचं. शिवाय मी प्रोबेशनवर होतो. मॅनेजरने कन्फर्म केलं नाही, तर व्हिसासकट चंबूगबाळं पुण्याला. म्हणून कॅन्टीनमध्ये प्रश्न आला तेव्हा मी एका स्विस क्लबचं नाव ठोकून दिलं.

ते मला माहीत असायचं कारण एक टोपी. टूर कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला गेलो असताना कान गळून पडायची वेळ आली, तेव्हा समोरच्या दुकानात मिळाली ती घातली. तिच्यावर ते नाव होतं.

"कधीपासून?" मॅनेजरने विचारलं.

"लहानपणापासून." खोटं बोलायचंच तर चिंधीचोरासारखं कशाला? "फार जुना क्लब. शंभरी केव्हाच उलटली." हेही टोपीवरच्या सालावरून.

त्या दिवसापासून हिरवे आणि निळे दोघेही माझ्याशेजारी बसून एकमेकांची उणीदुणी काढू लागले. मी मान डोलवायचो. सुखात होतो.

मग युरोपातल्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माझा स्विस क्लब थेट मॅनेजरच्या क्लबाशी भिडायला ग्लासगोत आला. मॅनेजरने ओळखी काढून मला तिकीट आणलं, तेही पाहुण्यांच्या स्टँडमधलं. "बस तुझ्या माणसांत!"

बायको म्हणाली, "जर्मन येतं म्हणून नाही ना सांगितलंस?"

मी मोबाइलवर जर्मनमधलं 'नमस्कार' शोधू लागलो.

"अरे देवा."

स्टँडमध्ये शेजारी एक स्विस आजोबा होते. भारतातला माणूस आपल्या क्लबासाठी आलाय म्हटल्यावर त्यांना भरून आलं. त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मला लाज वाटली, पण डोक्यात सोमवारचं कन्फर्मेशन होतं. मॅनेजरचा क्लब जिंकला की मॅनेजर खूश, मॅनेजर खूश की सही. त्यामुळे त्याच्या क्लबाने गोल मारताच मी उभा राहून, मनापासून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे सगळे स्विस डोकं धरून बसलेले. मी ओशाळून मफलर परत देऊ लागलो, तर आजोबा दुसरीकडे बघत म्हणाले, "राहू दे. थंडी आहे."

टीव्हीच्या कॅमेऱ्याने तेवढ्यात मला टिपलं होतं.

सोमवारी मॅनेजरच्या लॅपटॉपवर मी होतो. गळ्यात स्विस मफलर, चेहऱ्यावर आनंद.

"हे काय?"

"गोल छान होता तुमचा."

"लहानपणापासूनचा क्लब गोल खातो आणि तू टाळ्या पिटतोस? आज क्लब सोडलास, उद्या कंपनी सोडशील. असल्या माणसाला मी कन्फर्म करू?"

आता बेइमान ठरायचं की खोटारडा, एवढंच माझ्या हातात होतं. मी टूर, कान, टोपी, सगळं ओकलो. तो ऐकत राहिला. मग हसता हसता त्याचं कपाळ टेबलाला टेकलं. उठून त्याने दार उघडलं. "या रे सगळे! ह्याचं ऐका!"

हिरवे आले, निळे आले. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. उशिरा आलेल्यांसाठी तिसऱ्यांदा, तेही कान धरून, अभिनयासकट.

"खोटारडा चालेल," मॅनेजर डोळे पुसत म्हणाला आणि फॉर्म पुढे ओढून त्याने सही केली.